बाहेरून बघणारा डॉक्टर

चार लोकांत वावरणाऱ्यांकडे किस्से साठतात, हे समजू शकतो. मी मालवणजवळच्या कट्टा गावात घरी बसून जर्मन कागदांचं इंग्रजी करतो आणि त्या कागदांतली माणसं बहुधा मेलेली असतात. तरी किस्से माझ्याकडेच! किस्से साठतात आणि चौतिशीतही लग्न ठरत नाही, या दोन्हींचं मूळ एकच.

*

जर्मनीत कुणी गेलं की आधी एक डॉक्टर देह फक्त बाहेरून बघतो. सगळं ठीक वाटलं तर सही करतो. संशय आला तर देह सोडत नाहीत. उघडून बघणारा डॉक्टर वेगळा, त्याचं पदनामही वेगळं. मी इंग्रजीत दोघांनाही सरसकट ‘कॉरोनर’ करून टाकलं. मला काम देणाऱ्या पुण्याच्या कंपनीतल्या बाईंनी नम्रपणे कळवलं, की जर्मनीत कॉरोनर हा प्रकारच नाही. म्हणजे अख्ख्या देशात नसलेली नोकरी मी निर्माण केली आणि स्वतःची घालवत आणली.

*

मग मी पदनामांऐवजी वर्णनं लिहू लागलो. ‘मृतदेहाची बाह्य तपासणी करणारा डॉक्टर.’ अचूक! पण ते गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रावर जायचं होतं. बाईंनी विचारलं, डॉक्टरांचं नाव मागच्या बाजूला छापायचं का?

*

घरी नेटवर्क जातं, म्हणून एकदा एसटी स्टॉपवरून बाईंशी बोललो. बघणारा वेगळा, कापणारा वेगळा, असं बराच वेळ ओरडून समजावत होतो. त्या दिवशी मालवणच्या गाडीत मला खिडकी मिळाली. शेजारची सीटही रिकामीच राहिली.

*

ही बातमी शेजारच्या तात्यांपर्यंत पोचली. ते मेलेली कोंबडी घेऊन आले. कुणी विष घातलं का, ते बघून हवं होतं. माझं काम फक्त भाषेचं, असं मी परोपरीने सांगितलं.

"मगे जर्मनमधून सांग," तात्या म्हणाले. "पण मेली कशान तां सांग."

*

आई प्रत्येक स्थळाला ‘जर्मन भाषेचं काम’ एवढंच सांगायची. उरलेलं मध्यस्थ सांगायचा. खारेपाटणचं स्थळ त्यावरच मोडलं.

ओरोसला मुलगी बघायला गेलो, तेव्हा आईने मला गप्प बसायची शपथ घातली होती. मुलगी कचेरीत नोकरीला, बोलायला मोकळी. मला फारच आवडली. त्यामुळे तिने कामाचं विचारल्यावर मी शपथ विसरलो. बाहेरून बघणं, सही, संशय, देह न सोडणं, सगळं सांगून टाकलं. सगळ्यांचे पोहे बशीतच राहिले.

शेवटी आई पदर सावरत उठली. "बरां, आमी येतंव." मुलीचे वडीलही सुटल्यासारखे उठले. हेही गेलं, असं मनात म्हणत मी चपला शोधू लागलो.

मुलगी बसूनच होती. तिने मला एकदा वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, भायरसून बघून झालां. पण माका संशय आसा. ह्यांका आत्ताच सोडूक येवचा नाय."