मांजर कोणाजवळ येते

दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. शाळा सुटली होती. बाईंनी आम्हा आयांना गेटवरच थांबवलं आणि सांगितलं, यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात फक्त माणसांच्या आणि प्राण्यांच्या वागणुकीवरचेच प्रयोग घेणार.

वाडीतल्या आम्ही चार-पाच जणी रोज त्या गेटवर उभ्या असतो. मागून ट्रक जातात, धूळ तोंडावर येते, आणि एकेकीचे किस्से असे साचतात की घरी न्यायला पिशवी पुरू नये. पण त्या दिवशी माझं किश्श्यांकडे लक्ष नव्हतं. माझी गौरी पाचवीत आहे. घरी तिचं तोंड थांबत नाही, शाळेत मात्र पहिलीपासून एक शब्द नाही. हजेरीलाही नुसता हात वर करते.

बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "प्रयोग तोंडी सांगावा लागतो. यंदा तरी ती बोलली पाहिजे. नाहीतर मोठे सर म्हणतात, दुसरी शाळा पाहा."

मी सातवी शिकलेली. दुसरी शाळा कुठे पाहतात, तेही मला ठाऊक नाही.

*

गेटवरच्या आमच्यातल्या वंदनाच्या पोरीने मुंग्या घेतल्या. त्यांना गूळ आवडतो की साखर? ओट्यावर दोन्ही मांडून ठेवलं. दिवस गेला, एक मुंगी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोरगी रडकुंडीला आली.

मग कळलं, वंदना रोज सकाळी सवयीने ओट्याभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढते!

"मम्मी, तूच तर माह्या प्रयोगाची वाट लावून राहिली!"

"मग तसंच लिही ना वं," वंदना म्हणाली. "मुंग्या गुळापेक्षा तुह्या मायले जास्त ओळखतात!"

*

रेखाच्या पोराचा प्रयोग जांभईचा. एकाने दिली की दुसऱ्याला येते का? रेखाचा नवरा हिंगण्याच्या कंपनीत रात्रपाळीला जातो. संध्याकाळी तो डबा घेऊन तयार बसला होता. पोरगा समोर बसून जांभया देऊ लागला. बापाला एक आली, दुसरी आली. पोरगा खुशीत उठून आईला दाखवायला गेला.

दोघं परत येतात तर बाप डब्यावर डोकं ठेवून घोरतोय, आणि कंपनीची बस हॉर्न वाजवून केव्हाच गेलेली.

बाप पोराला एवढंच म्हणाला, "उद्या जागं ठेवायचा प्रयोग करजो गा."

*

सुनंदाच्या पोरीने माणसं घेतली. ती आणि तिची मैत्रीण अमरावती रोडच्या स्टॉपवर उभ्या राहिल्या आणि वर आभाळाकडे पाहू लागल्या. बाकी काही करायचं नाही, कोण कोण वर पाहतं तेवढं पाहायचं. हळूहळू गर्दी झाली. काटोलच्या बसमधून उतरलेली माणसंही टोपल्या खाली ठेवून वर पाहू लागली.

"काय हाय गा?"

"ड्रोन असंन."

"हो, मले दिसलं!"

पोरी घाबरून घरी पळाल्या. संध्याकाळी सुनंदाचे सासरे बाहेरून आले ते सांगतच आले, "आज वाडीवर काहीतरी फिरून राहिलं होतं. मी सोताच्या डोळ्यानं पाहिलं!"

पोरीने मान खाली घातली. आजोबांना खरं काय ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

*

गेटवर सगळ्या हसायच्या, मीही हसायची. मग घरी येऊन गौरीला समोर उभं करायची. "सांग, परत सांग." ती न अडखळता सगळं सांगायची. तेवढ्याने माझी भीती काही जायची नाही.

तिचा प्रयोग मांजराचा. आमच्या खोल्यांमागे गोडाऊन आहे, तिथल्या टायरांखाली एक मांजर राहतं. ते कोणाजवळ येतं? शेजारच्या पोरांनी हाका मारल्या. घरमालकीणबाईंनी दूध दाखवलं. मी "ये ये" करत पार टायरांपर्यंत गेले. ते आणखी आत सरकलं.

गौरी त्याच्याकडे पाठ करून बसली आणि काडीने मातीत रेघा ओढत राहिली. बऱ्याच वेळाने मांजर आपणहून आलं आणि तिच्या पाठीला अंग घासू लागलं.

*

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक सर गौरीच्या टेबलाशी आले. "नाव सांग बेटा. बोल ना. घाबरू नको."

बाई म्हणाल्या, "बोल, गौरी."

मीही पालकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडून म्हणाले, "बोल वं माय, घरी तर सांगते ना!"

गौरीने जमिनीवरून नजर उचलली नाही. सर पुढच्या टेबलाकडे गेले.

सरांसोबत एक वयस्कर मॅडम परीक्षक होत्या. त्या मागे थांबल्या. गौरीने प्रयोग लिहिलेला तक्ता त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. मग एक प्लास्टिकची खुर्ची ओढली, गौरीकडे पाठ केली आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. चष्मा काढून पदराने पुसू लागल्या.

बाई काही बोलायला गेल्या, तर मॅडमनी नुसता हात हलवून त्यांना थांबवलं.

चष्मा पुसून झाला. त्यांनी तो परत पुसायला घेतला.

"मॅडम," मागून आवाज आला, "ते मांजर आधी टायराखालीच बसून राहायचं."

मॅडमनी वळून पाहिलं नाही.

*

तुमच्यापैकी कोणाचं आमच्या शाळेत जाणं-येणं असलं, कोणी आमच्या वाडीतल्या खोलीवर येणार असलं, तर तेवढं लक्षात ठेवा. गौरीला बोल म्हणू नका. जवळ बसा फक्त.