नऊ वर्षांचा विचार

अलेक्झांड्रियातल्या ख्रिस्ती मंडळीत तामुनिसचं अक्षर नावाजलेलं होतं. म्हातारे गुरुजी दिदास शास्त्रवचनांचा अर्थ सांगत, लेखनिक तो भराभर टिपून घेत आणि त्यावरून तामुनिस स्वच्छ प्रत काढी. शब्द म्हणजे नुसतं टरफल, असं गुरुजींचं म्हणणं. नोहाचं तारू असो की यरीहोची भिंत, प्रत्येक गोष्टीच्या पोटात त्यांना दुसरी गोष्ट सापडे. तामुनिसला त्याची गंमत वाटे.

एका सकाळी मात्र तिनं बोरू खाली ठेवला. बायबलातल्या एका स्तोत्राची ओळ आली होती, शत्रूच्या बाबेल नगरीची तान्ही लेकरं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारी.

“हे मी लिहिणार नाही, गुरुजी.”

“अगं, पुढचं तर वाच. बाबेल म्हणजे मनातला गोंधळ. त्याची लेकरं म्हणजे नुकते जन्मलेले वाईट विचार. ते वाढायच्या आत ख्रिस्त नावाच्या खडकावर आपटायचे.”

“कळलं मला. पण पोर गेलेल्या बाईला आधी शब्द जिव्हारी लागतो, अर्थ मागून येतो.”

तिचा मुलगा नऊ वर्षांपूर्वी साथीत तापानं गेला, हे गुरुजींना ठाऊक होतं. त्याला वैद्याकडे न्यायला तिनं शेजारच्या तेर्मुथिसकडे गाढव मागितलं होतं. तेर्मुथिसनं दारच लावून घेतलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

“आणि तान्हे विचार आपटायचे, ठीक आहे,” तामुनिस म्हणाली. “माझा एक आता नऊ वर्षांचा झालाय. घरभर हिंडतो. त्याला कुठे आपटू?”

“याचा विचार मी केला नव्हता,” गुरुजी म्हणाले. “एवढं लिही, की अर्थाकडे वळण्याआधी वाचणाऱ्यानं त्या लेकरांसाठी रडून घ्यावं. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पोरी.”

तिनं ते लिहिलं.

मग चार दिवसांनी ती मसुराच्या आमटीचं भांडं घेऊन तेर्मुथिसच्या दारात गेली. तेर्मुथिसनं भांड्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

“साथ माझ्या घरात येईल म्हणून भ्याले होते मी,” ती म्हणाली.

“ठाऊक होतं मला.”

“मग इतकी वर्षं?”

“ठाऊक असून राग येत होता.”

राग त्यानंतरही अधूनमधून आलाच. तसा आला की तामुनिस त्या दिवशी तेर्मुथिसकडे जात नसे, दुसऱ्या दिवशी जाई. पुढे तिची दृष्टी अधू झाली आणि प्रती काढणं थांबलं, तेव्हा तेर्मुथिसच तिला हाताला धरून प्रार्थनेला नेऊ लागली.