माह्या भासऱ्याच्या गाडीतला बाजा

त्या दिवशी गाडीत आमी दोघंच होतो. समोर स्टेरिंगवर माहे भासरे, म्हंजे माह्या मालकाचे सख्खे मोठे भाऊ, अन मागच्या सीटवर पदर वढून मी. गाडीच्या बाहेर ट्राफिकची एक साहेबीन, तिचा जाडा शिपाई, नारळपानीवाला, अन त्याच्या ठेल्यापाशी नारळ पेत उभ्या असलेल्या कोचिंगच्या दोन पोट्ट्या. एवढेच. बाकी नेहरू नगरचा चौक पाहून राहिला होता, पन तो धरत नाही, कारन माह्या भासऱ्याच्या गाडीकडे वळून न पाहिलेलं मानूस अख्ख्या भिलाईत सापडाचं नाही. प्लांटचा भोंगा तरी पाळीच्या टायमावर वाजते. ह्या गाडीतला बाजा त चाबी फिरवली का वाजे.

भासरे प्लेट मिलमंदी होते. लोखंडाचे लाल तपलेले पाट धडधडत जातेत तिथं त्याईची अर्धी जिंदगी गेली, अन कान तिथंच राहिले. रिटायर झाले तवा घरी शाल आली, नारळ आला, कान नाही आले. पन आपल्याले कमी ऐकू येते हे त्याईनं कधी कबूल केलं नाही. त्याईचं म्हननं असं का आजकालचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतेत. भाजीवाल्यानं भाव सांगतला का त्याले म्हनत, "सकाळपासून काही खाल्लं का नाही तुनं? आवाज त काढ." फोनवर रायपूरच्या पोरासंग बोलत त माही जाऊ म्हने, फोन ठेवून द्या, तसंही रायपूरले ऐकू जाऊन राहिलं. ऐकाचं काम ते हातानं करत. मिलमंदी मशीनले हात लावला का समजे ते बरोबर चालून राहिली का नाही, तीच आदत. कुकर लावला का वट्यावर पंजा ठेवून उभे राहत अन शिट्ट्या हातानं मोजत. डाळ कधी जळू नाही देली. कोनी येनार असलं का दाराले पाठ टेकून पेपर वाचत बसत, म्हंजे कडी वाजली का पाठीले समजते. एकदा दार उघडंच होतं, पाव्हन्यानं बाहेरून ढकललं, अन हे पेपरसकट खोलीच्या मधात जाऊन पडले. उठून त्याले म्हनते, घंटी त वाजवाची. घंटी लोकाईनं वाजवून-वाजवून कवाची मेली होती.

आता माहं. आमी गोंदियाकडले, धानाच्या गावचे. लग्न होऊन मी सेक्टर दोनच्या या क्वार्टरात आली तवा सासूनं पयल्याच दिवशी सांगतलं, भासऱ्यासमोर डोईवरचा पदर पडला नाही पायजे, त्याईच्या खाटेवर बसाचं नाही, त्याईच्यासंग बोलाचं नाही. आमच्यात तसंच होतं. मले काही जड नाही गेलं. मालक होते तवा मालकाच्या तोंडानं बोलो. मालक ठेकेदाराकडे कामाले होते, पक्के कधी झालेच नाही, अन लेकरं लहान असताना छातीच्या बिमारीनं गेले. भासऱ्यानं जावेकडून निरोप पाठवला, इथंच राहाचं. मी राहिली. लोकाईच्या पोळ्या लाटल्या, डबे देले, लेकरं मोठी झाली अन आपापल्या पोटामांगं गेली. तवा जावेच्या तोंडानं बोलो. मंग जाऊही गेली. क्वार्टरात उरलो आमी दोघं अन मधात बोलाले कोनी नाही. मंग मी दाराले सांगाले लागली. दारात उभी राहून दाराले म्हनो, च्या झाला. दाराले ऐकू येत नाही, भासऱ्याले त त्याहून नाही. म्हनून बशी वट्यावर आपटो. त्याईचा पंजा वट्यावर असला का समजे, नसला का बशी फुटे.

अशातच शुगरनं माह्या पायाले जखम झाली. डॉक्टरनं साफ सांगतलं, हप्त्यातून दोनदा येऊन पट्टी बदलली नाही त पाय कापा लागन. ऑटोत पाय वर घेता येत नव्हता, बसचं त नावच नको. भासरे दुपारी बाहेर गेले अन सांजच्याले एक जुनी पांढरी व्हॅन घेऊन आले. मले काही बोलले नाही, नुसतं मागचं दार उघडून ठेवलं. पयल्या खेपीले आमी नेहरू नगरपावतर गेलो, पट्टी झाली, अन वापस निघालो त गाडीत इकडून तिकडून चूप. मी खिडकीतून पाहत होती, ते समोर पाहत होते. पावर हाउसच्या बाजारात त्याईनं गाडी थांबवली, एका दुकानात गेले, अन माह्या सीटच्या मांगं हे मोठाले साउंड बॉक्स बसवून घेतले. मले वाटलं, म्हातारपनी शौक सुचला. दुकानदाराले म्हनले, देवीचे जसगीत भरून दे. त्यानं सुरवातीले थोडे जसगीत भरले, अन बाकी वरातीत वाजतेत ते, कंबर-बिंबरवाले. भासऱ्याले शब्द कुठं समजे? त्याईले नुसती धमधम लागे, सीटमधून पाठीले. जसगीतावर ते सिग्नलले हात जोडत, अन कंबरेच्या गान्यावरही तेवढ्याच भक्तीनं हात जोडत.

लाज कशाले म्हनतेत ते मले रांडाव झाल्यावर नाही समजलं, लोकाईच्या घरी राबताना नाही समजलं. त्या गाडीत समजलं. गाडी सुरू झाली का समोरच्या क्वार्टराची काच थरथरे. तिथं बाळंतीन होती. तिची माय बाहेर येऊन म्हनली, "आजी, लेकरू आत्ताच डोळा लावून राहिलं होतं हो." मी हात जोडले, म्हनलं सांगतो. आता सांगू कोनाले? दाराले? एकदा पावर हाउसले आमच्या समोर मयत चालली होती. खांद्यावर तिरडी, मांगं रडनारे लोक, अन त्याईच्या मांगं आमची गाडी कंबरेचं गानं लावून. एका मानसानं रागानं गाडीच्या काचेवर थाप मारली. भासऱ्याले वाटलं, रस्ता देऊन राहिला. त्याईनं हसून त्याले हात दाखवला. मी सीटवर आडवी झाली, म्हंजे कोनाले दिसू नये. तिथं पडल्या-पडल्या मले गान्याचा एकेक शब्द ऐकू येत होता.

म्हनून मी खरं सांगतो, अशा गाड्याईले चालान लागलंच पायजे. बिमार मानूस, तान्हं लेकरू, परीक्षेचं पोर, साऱ्याईच्या डोक्यात तो बाजा घुसते, अन वाजवनारा पुढं निघून जाते. मी त्याच गाडीत बसो अन मनात म्हनो, कोनी तरी पकडा बाप्पा. अन मंग पायाकडे पाहून म्हनो, नका पकडू.

पकडलं. डॉक्टरच्या गल्लीच्या तोंडावर. शिपायानं शिट्टी मारली, ऐकू आली नाही. तो समोर येऊन उभा राहिला तवा भासऱ्यानं ब्रेक मारला अन गाडीचे कागद बाहेर काढले, जसं काही त्यानं तेच मांगतले. साहेबिनीनं खिडकीतून हात घालून बाजा बंद केला. एवढं चूप झालं का नारळ फोडाचा आवाज आला. साहेबीन विचारून राहिली होती का समोर दवाखाना हाये हे दिसत नाही का, अन भासरे तिच्या तोंडाकडे पाहून हरेक गोष्टीले मान हलवत होते. तिले शंका आली. माह्या खिडकीपाशी येऊन म्हनली, "अम्मा, सच बोलो, बाबा को सुनाई देता है कि नहीं?"

आता पाहा. खरं सांगू त गाडी बंद अन पाय गेला. खोटं कसं सांगू? अन सांगाचं त भासऱ्यासमोर सांगा लागन. मी पदर अजून वढला अन नारळवाल्याले म्हनलं, भैया, मॅडमले सांग का दवाखान्यात जाले उशीर होऊन राहिला. नारळवाल्यानं मॅडमले सांगतलं. मॅडमनं वरडून भासऱ्याले विचारलं, अम्माले कुठं नेऊन राहिले. भासरे म्हनले, हां, जसगीत हाये. त्या कोचिंगच्या पोट्ट्या हसाले लागल्या. मॅडमनं कपाळाले हात लावला. "ये क्या चल रहा है? अम्मा आपसे बात क्यों नहीं करतीं? झगड़ा है क्या दोनों में?"

हे मात्र तिनं एवढ्या मोठ्यानं विचारलं का त्याईले समजलं. त्याईनं मांगं नाही पाहिलं. स्टेरिंगवर हात ठेवून, आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हंजे चौकाले ऐकू जाईन अशा, म्हनले, "झगड़ा नहीं है मैडम. ये मेरे छोटे भाई की घरवाली है. हमारे में जेठ से नहीं बोलते. इतनी दूर इसको चुपचाप लेके जाऊँगा तो इसको कैसा लगेगा? बाजा रहता है तो कोई नहीं बोल रहा, ये मालूम नहीं पड़ता."

मंग म्हनले, अकेला रहता हूँ तो नहीं बजाता, मेरे को कौन सा सुनाई देता है.

झालं. जे मी लपवून राहिली होती ते त्याईनंच चौकात सांगून टाकलं. मी मान खाली घातली ते वर करू शकली नाही. आधी मले त्या बाजाची लाज वाटत होती. आता लाज दुसरी होती, अन ते कुठं ठेवू समजत नव्हतं.

साहेबीन चांगली होती, पन तिनं सोडलं नाही, अन सोडाले नव्हतंच पायजे. चालान फाडलं, साउंड बॉक्स काढा म्हनलं, कानाच्या डॉक्टरले दाखवून ऐकाची मशीन लावा म्हनलं. मंग म्हनली, मागचा हॉर्न ऐकू येत नाही त गाडी इथंच राहीन. नारळवाल्यानं तिले माह्या पायाची पट्टी दाखवली. तिनं पट्टी पाहिली, मले पाहिलं, अन म्हनली, "अम्मा, पीछे का हॉर्न आप इनको बताओगी तो जाने दूँगी. अभी मेरे सामने बोलो."

एवढ्या वरसात त्याईले काय म्हनाचं हेच मले माहीत नव्हतं. लेकरं म्हनत 'मोठेबाबा', तोच शब्द उचलला. पयल्यांदा म्हनलं त माह्याच कानाले ऐकू आलं नाही. शिपाई म्हनला, अम्मा, जोर से. मांगून ट्रक येऊनच राहिला होता. मी डोळे मिटले अन वरडली, "मोठेबाबा, मांगून ट्रक येऊन राहिला, थांबा."

त्याईचे हात स्टेरिंगवर तसेच राहिले. ट्रक निघून गेला. मंग ते म्हनले, "हो माय." जिंदगीत पयल्यांदा हळू बोलले.

बॉक्स निघाले. मशीनही आली, पन त्याईचं म्हननं का तिच्यात गाडीची घरघर अन माहा आवाज सारखाच येते. म्हनून मी मांगून वरडतो. ट्रक आला, स्कूटी आली, गाय बसली हाये, डाव्या हातानं घ्या. लोक अजूनही पाहतेत, लाज अजूनही वाटते, पदर अजूनही डोईवर हाये. पन सिग्नल लागला का ते आता आपल्या मनानं काही-काही सांगतेत. एक दिवस सांगतलं का माह्या लग्नाआधी माहे मालक पावर हाउसले जाऊन माह्यासाठी बांगड्या पाहून आले होते, माप माहीत नव्हतं म्हनून आपल्याच हातात घालून पाहिल्या अन अडकून बसले, घरी येऊन साबन लावून काढा लागल्या. मले हे कोनीच सांगतलं नव्हतं. मालकानंही नाही. मी विचारलं, कोनत्या रंगाच्या होत्या? त्याईले ऐकू आलं नाही. मी वरडून विचारलं, बाजूचा मोटरसायकलवाला माह्याकडे पाहाले लागला. भासरे म्हनले, थांब, आठवून सांगतो. आता त्याईले आठवाले वेळ लागते. अन हे सारं माहीत असनारं मानूस आता तेवढं एकच उरलं हाये.

म्हनून वाचनाऱ्याले एवढंच मांगनं हाये. सिग्नलले पांढऱ्या व्हॅनमंदी एक म्हातारी वरडून राहिली दिसली त ते भांडन नव्हे. सिग्नल हिरवा झाला तरी मांगून लगेच हॉर्न नका देऊ. हॉर्न आला का मले सांगा लागते, अन त्याईची गोष्ट तिथंच तुटते.