रायफलीतला शिलाई मशीनचा पार्ट

इतकी वर्षं लोटली, तरी ओमानमधल्या वादी अदाई वस्तीतलं ते लेथचं दुकान माझ्या डोळ्यांसमोरून हललेलं नाही. पोलिसांवर चिडलेले आरोपी मी नोकरीत रोज पाहिले. पण ‘माझं काम खराब म्हणालात’ म्हणून रुसलेला आरोपी मात्र एकच पाहिला.

आधी थोडं स्वतःविषयी. मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. महाराष्ट्र पोलिसांत शस्त्रागाराकडे बरीच वर्षं काढल्यावर, नव्वदच्या दशकात मी ओमानमध्ये पोलीस खात्यात कंत्राटावर शस्त्र तपासनीस म्हणून रुजू झालो. जप्त केलेलं हत्यार तपासायचं, त्याची चाचणी घ्यायची आणि अहवाल लिहायचा, एवढं माझं काम. चौकशी तिथले अधिकारी करत. आमचे मेजरसाहेब मोजकं बोलणारे, पण चहाचे मोठे शौकीन. काहीही अडलं की आधी चहा मागवत.

खबर फोनवरून आली. वादी अदाईतल्या एका लाँड्रीवाल्या मलबारी गृहस्थाने कळवलं, की शेजारच्या लेथच्या दुकानातून एक माणूस सुटा भाग घेऊन गेला आणि मागच्या मोकळ्या जागेत, आपल्या पिकअपमध्ये बसून, त्याने तो रायफलीत बसवून पाहिला. गाडी कुठली? पांढरी पिकअप. ओमानमध्ये पांढरी पिकअप शोधणं म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर ठरावीक शिंपला शोधण्यासारखं.

दुकानावर छापा घातला. कारागिराच्या टेबलावर दोन पोलादी तुकडे सापडले. एक जुना, तडा गेलेला, आणि दुसरा त्यावरून बनवलेला नवा. पाहताक्षणी मी ओळखलं. अर्धस्वयंचलित रायफलीच्या चापाला जोडायच्या साधनाचा तो भाग होता. अशी रायफल चाप एकदा ओढला की एक गोळी सोडते. हे साधन लावलं की चाप बोटाला इतक्या भराभर परत ढकलतो, की गोळ्या मशीनगनसारख्या सुटतात.

कारागिराला ताब्यात घेतलं. पन्नाशीचा, राजापूरकडच्या खाडीकाठचा मुसलमान माणूस. अठरा वर्षं ओमानात होता. त्याला सगळे चाचा म्हणत. हिंदी दुभाष्यासमोर दीड दिवस तो एकच वाक्य म्हणत राहिला, “मेरे को कुछ मालूम नहीं.” शस्त्र बनवल्याचा आरोप सिद्ध झाला असता तर तुरुंग, आणि नंतर देशाबाहेर कायमची रवानगी. थोरली मुलगी गावी शिक्षिकेचं शिक्षण घेत होती. घरात कमावणारा हा एकटाच.

मेजरसाहेबांनी मला बोलावलं. “तुझ्या मुलखातला आहे. तू बोल.”

मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि आपल्या बोलीत विचारलं, “चाचा, जेवलाव काय?”

माणसाचा चेहराच बदलला. डोळे भरून आले आणि तोंड सुटलं ते थांबेना.

“सायेब, त्यानी मना सांगितलान, शिलाई मशीनचा पार्ट हाय. बायकोची मशीन बिघडलीय म्हणालान. मी दोनदा बनवून दिलंय, दोनदा परत आणलान! म्हणतो, अडकतंय. माझा काम कधी परत येत नाय, सायेब. अख्ख्या वादी अदाईत विचारा!”

“त्याचं नाव?”

“नाव कोन विचारतो? शनिवारी येनार हाय, तिसरा न्यायला.”

मी हे हिंदीत सांगितल्यावर दुभाष्या हसला. त्याच्या मते हे ठरवून रचलेलं उत्तर होतं. मला तसं वाटलं नाही. खोटं बोलणारा माणूस आपल्या सुटकेची काळजी करतो. हा तर काम परत आल्याचंच दुःख सांगत होता. पण असं वाटणं हा काही पुरावा होत नाही.

शनिवारी सकाळी चाचांना पुन्हा लेथवर उभं केलं. मी साध्या वेशात स्टुलावर गिऱ्हाईक म्हणून बसलो, दोन शिपाई लाँड्रीत. लाँड्रीवाल्याने उत्साहाच्या भरात त्यांच्याकडून चार शर्ट घडी करून घेतले.

नऊच्या सुमारास पिकअप थांबली. तिशीचा, हसतमुख ओमानी तरुण उतरला. परीटघडीचा पांढरा पायघोळ डिशडाशा, डोक्यावर झकास टोपी. बऱ्याच ओमानी लोकांसारखं त्याचं हिंदी उत्तम होतं. “क्या चाचा, हो गया? यल्ला, जल्दी!”

चाचांनी विचारलं, “आपका मशीन कौनसी कंपनी का?”

तरुण गडबडला. “वो... बड़ी वाली कंपनी का.”

तेवढ्यात शिपाई आत आले. पिकअपमध्ये सीटमागे रायफल मिळाली. परवाना होता आणि तो खराही होता. गडी अजिबात घाबरला नाही. उलट खिशातून घडी घातलेलं इंग्रजी पत्रक काढून त्याने आमच्यासमोर धरलं. साधन परदेशातून मागवलेलं, त्यासोबत विक्रेत्याचं हे पत्रक. त्यात लिहिलं होतं, की हे वापरणं पूर्ण कायदेशीर आहे, कारण प्रत्येक गोळीसाठी चाप वेगळा ओढला जातो, त्यामुळे रायफल स्वयंचलित ठरत नाही. भावाच्या लग्नात हवेत बार काढायचे होते, एवढाच त्याचा बेत.

मेजरसाहेबांनी चहा मागवला आणि मला विचारलं, “हे खरं आहे?”

आम्ही चाचणी मैदानावर गेलो. मूळ तुकडा बसवून मी बार काढले. सात-आठ गोळ्या एका दमात सुटल्या आणि तडा गेलेला तो तुकडा मोडला. मग चाचांचा नवा तुकडा बसवला. एक गोळी सुटली आणि यंत्रणा अडकली. मोकळी करून पुन्हा चाप ओढला, पुन्हा एक गोळी, पुन्हा अडकली. मेजरसाहेब मिशीत हसले. “हा तर रायफल आणखी हळू करतो!”

मी परत येऊन दोन्ही तुकडे भिंगाखाली ठेवले. लांबी, जाडी, भोकं, सगळं केसाएवढंही इकडेतिकडे नाही. फक्त एका टोकाचा धारदार कोपरा चाचांनी सुबक गोल केला होता. त्यामुळेच भाग अडकत होता. असा कसलेला कारागीर नेमका तिथेच कसा चुकला?

चाचांना बोलावून विचारलं. ते भडकलेच.

“चुकला? मुद्दाम गोल केलंय मी! तो कोपरा धारेचा ठेवला तर धागा तुटनार नाय काय? त्याच्या बायकोची मशीन हाय ना!”

मी ते मेजरसाहेबांना समजावून सांगितलं. मेजरसाहेबांनी गणवेश शिवणाऱ्या शिंप्याचं मशीन मागवलं. चाचांनी तुकडा हातात धरून दाखवलं, त्यांच्या अंदाजाने तो कुठे बसेल आणि धागा कुठून जाईल. अंदाज चुकीचा होता, पण त्यामागचा विचार अगदी चोख होता. शिंप्यानेही मान डोलावली, “धाग्यासाठी गोलच पाहिजे, साहेब.” रायफलीचा भाग समजून उमजून बनवणारा माणूस धागा तुटेल म्हणून कोपरा घासत बसणार नाही. दीड दिवसाच्या जबाबात जे सापडलं नव्हतं, ते त्या गोल कोपऱ्यात होतं.

राहिला तो तरुण. पत्रक पुढे करून तो अजून वाद घालत होता. मेजरसाहेबांनी शांतपणे कप खाली ठेवला.

“हा कागद ज्या देशात छापला, तिथे काय चालतं ते तिथले बघतील. तुझा परवाना आमचा आहे. त्यात ही रायफल जशी नोंदली आहे तशीच ठेवायची, परवानगीशिवाय बदल करायचा नाही, असं लिहिलंय. आणि एक सांग. एवढं कायदेशीर होतं, तर या म्हाताऱ्याला शिलाई मशीन का सांगितलंस?”

गडी पहिल्यांदाच खाली बघू लागला. मग हळूच म्हणाला, “खरं सांगितलं असतं तर त्याने बनवून दिलं नसतं.” मेजरसाहेबांनी हे वाक्य जबाबात शब्दशः लिहून घेतलं.

रायफल जप्त झाली, परवाना रद्द झाला, दंड झाला. लग्न मात्र ढोल वाजवून थाटात पार पडलं, असं नंतर कळलं. चाचांना त्याच संध्याकाळी सोडलं. त्यांचा अर्बाब, म्हणजे दुकानाचा ओमानी मालक, स्वतः गाडी घेऊन न्यायला आला होता. निघताना चाचा दारात थांबले.

“सायेब, तुमच्या कागदावर काय लिवलाव? माझा पार्ट खराब होता म्हनून?”

“नाही चाचा. लिहिलंय की काम उत्तम होतं, वापर चुकीचा होता.”

“मग ठीक हाय,” म्हणाले आणि समाधानाने गाडीत बसले.

त्या प्रकरणाआधी माझा अहवाल फक्त वस्तूविषयी असे. हे काय आहे, ते काय करतं, कायद्यात बसतं की नाही, इतकंच. तेवढ्यावर थांबलो असतो तर माझ्याच सहीने एक निरपराध माणूस तुरुंगात गेला असता, आणि त्या अहवालातला एकही शब्द खोटा नसता. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक अहवालात शेवटी एक जादा परिच्छेद लिहीत आलो: ही वस्तू घडवणाऱ्याला आपण काय घडवतोय असं वाटत होतं, याबद्दल तिच्यावर काही खूण आहे का? बहुतेक वेळा ‘काही आढळले नाही’ असंच लिहावं लागलं. पण ती खूण शोधल्याशिवाय मी कधी सही केली नाही.