चार नंबरच्या टेबलाचा पाहुणा

गार्थच्या एम्रिसला कुणी कधी घाईत पाहिलं असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं. आम्ही तरी नाही पाहिलं. त्याची थोरली बहीण नान्सी म्हणते, हा जन्माला आला तोच उशिरा, आणि आल्यावरही रडावं की नाही याचा बराच वेळ विचार करत होता. तिशीत असताना एकदा पशुप्रदर्शनात तो एका मुलीला चहाचं विचारणार होता. आधी म्हणाला, मेंढ्यांचा निकाल लागू दे. मग म्हणाला, पाऊस थांबू दे. आमच्या वेल्समध्ये पाऊस थांबायची वाट बघणाऱ्याचं काय होतं ते तुम्हीच समजा. आता त्या मुलीची नातवंडं शाळेत जातात, आणि एम्रिस साठी ओलांडून नान्सीबरोबर गार्थवर राहतो.

गार्थ हे त्याच्या शेताचं नाव. आमच्या खोऱ्यात माणसाला आडनाव लागतं ते नाव ठेवताना आणि थडग्यावर. मधली सगळी वर्षं तो शेताच्या नावावर भागवतो. एम्रिसचं आडनाव बोवेन, पण ते त्याला स्वतःलाही आठवूनच सांगावं लागलं असतं. गडी मोठा कामाचा. डोंगरावर धुकं उतरलं की हरवलेल्या मेंढ्या शोधायला शेजारीपाजारी त्यालाच हाक मारतात. चॅपेलमध्ये खर्जात गायला लागला की बाकाच्या फळ्या थरथरतात. मेंढ्यांशी, कुत्र्याशी, ट्रॅक्टरशीसुद्धा तो तासन्‌तास बोलतो. बाईमाणसाशी बोलायची वेळ आली की मात्र दातखीळ बसते, आणि ती सगळ्यात घट्ट बसायची तेग्वेन रीससमोर.

तेग्वेन म्हणजे प्लास इसाची मालकीण. प्लास इसा ही नदीकाठची जुनी हवेली. तेग्वेन आणि तिचा नवरा पलीकडच्या जिल्ह्यातून आले, त्यांनी ती घेतली, खाली जेवणघर काढलं आणि वर पाहुण्यांसाठी पाच खोल्या केल्या. पोटभर जेवा, वाइन प्या, आणि गाडी चालवण्याच्या अवस्थेत नसाल तर वर जाऊन झोपा, असा साधा हिशोब. पुढे नवरा वारला, पण बाईने चूल विझू दिली नाही. लंडनहून लोक येतात तिच्या हातचं जेवायला. आम्ही गावातले कधी गेलो नाही ते सोडा. आपल्याच नदीतला मासा खायला कोट घालून कोण जाणार?

दर शुक्रवारी एम्रिस तिला कोकरू पोचवायचा, तोही मागच्या दाराने. मग स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात बसून चहा आणि बारा ब्रीथचा, म्हणजे आमच्या मनुकांच्या पावाचा, बोटभर जाड तुकडा. तेग्वेन बोलायची, हा मान हलवायचा. कधी कधी म्हणायचा, "उद्या पाऊस आहे." एवढं बोलून इतका खूश होऊन घरी जायचा की नान्सीला आठवडाभर शिट्ट्या ऐकाव्या लागायच्या. अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्या दोघांना, किंवा तसं ते दाखवत तरी होते.

मे सरता सरता मेंढ्यांच्या बाजारात बातमी फुटली की तेग्वेन प्लास विकतेय. ब्रिस्टलचा कुणी माणूस घेणार, आणि बाई स्वान्सीला मुलाकडे जाऊन राहणार. त्या दिवशी एम्रिस घरी आला आणि ताटाला हात न लावता चुलीकडे बघत बसला.

"काय झालं? मेंढी मेली का?" नान्सीने विचारलं.

"नाही. मिसेस रीस चालल्या."

"मग जाऊन सांग की तिला, जाऊ नको म्हणून."

"शुक्रवारी बघतो."

"शुक्रवारी?" नान्सीने हातातलं फडकं आपटलं. "सोललेलं कोकरू खांद्यावर टाकून, मागच्या दारात उभं राहून, आजवर कुणी कुणाला लग्नाचं विचारलंय का? ताकाला जातोस आणि भांडं लपवतोस. ते काही नाही. चार माणसांसारखा टेबलाशी बस, जेव, आणि तोंड उघड."

नान्सीने लगेच फोन उचलला. तिचा एक खास फोनवरचा इंग्रजी आवाज आहे. तो काढला की राणीची मावशी बोलतेय असं वाटतं. गार्थचं नाव घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत पोस्टात चर्चा सुरू झाली असती, म्हणून तिने मिस्टर बोवेन यांच्या नावाने प्लासमध्ये शनिवारचं दोन माणसांचं टेबल सांगितलं, आणि रात्रीची एक खोली.

"खोली कशाला? आपलं घर तर पुलापलीकडे आहे," एम्रिस म्हणाला.

"म्हणूनच. सूप पिऊन पळून येशील. मी दाराला आतून कडी घालणार आहे."

शनिवार उजाडला. एम्रिसने काळा सूट चढवला. त्याच्याकडे सूट एकच, आणि तो मयताचा. आईच्या वेळची पुठ्ठ्याची बॅग हातात घेऊन तो पूल ओलांडून प्लासच्या पुढच्या दाराशी गेला, आणि घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं.

आता पुढच्या दाराचं तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे सगळा संसार मागच्या दाराने चालतो. पुढचं दार पाद्र्यासाठी, डॉक्टरसाठी आणि शवपेटीसाठी. गार्थचं पुढचं दार इतकी वर्षं रंगाखाली मिटलेलं होतं की आईची शवपेटी काढायच्या दिवशी पहार लावावी लागली, आणि पाद्रीबुवा बिचारे प्रार्थना थांबवून बाजूला उभे राहिले. अशा घरात वाढलेला माणूस पितळी घंटी वाजवून पुढच्या दाराने कसा आत जाणार? एम्रिसने हात वर नेला, खाली घेतला. पुन्हा नेला. आतून कुणीतरी हसल्याचा आवाज आला आणि त्याचे पाय आपसूक वळले. घराला वळसा घालून, कोबीच्या वाफ्यांच्या कडेने, तो नेहमीच्या दारात जाऊन उभा राहिला.

स्वयंपाकघरात नुसता धुरळा उडाला होता. भांडी धुण्याचं यंत्र बंद पडलेलं, कढयांचा डोंगर साचलेला, आणि तेग्वेनचे केस कपाळाला चिकटलेले.

"एम्रिस? आज शनिवारी कसे?" तिचं लक्ष सुटाकडे गेलं. "अगंबाई. मयताला जाऊन आलात?"

त्याने मान हलवली. सवयच ती.

"कुणाचं हो?"

"लांबचं," एम्रिस म्हणाला आणि बॅग बटाट्यांच्या पोत्यामागे सरकवली.

"बसा, चहा देते. पण बघा ना, दुष्काळात तेरावा महिना. आजच हे यंत्र रुसलंय."

बस म्हटल्यावर बसला असता तर तो एम्रिस कसला? कोट खुंटीला गेला, बाह्या वर गेल्या, आणि हात कोपरापर्यंत फेसात. मनातून सुटकाच वाटली त्याला. कढया घासताना माणसाला बोलावं लागत नाही.

थोड्या वेळाने वाढपाचं काम करणारी फिऑन आत आली. "चार नंबर अजून रिकामं आहे. ते बोवेन आलेच नाहीत."

"बोवेन!" तेग्वेनने सुरी फळीवर ठेवली. "दोन माणसांचं टेबल धरून ठेवलंय. खिडकीजवळची चांगली खोली दिलीय, फुलं ठेवलीत. चेस्टरच्या माणसांना नाही म्हटलं या बोवेनपायी. कोण आहे कोण हा? कुठला आहे?"

"फोनवर बाई होती. लई उच्च इंग्रजी," फिऑन म्हणाली.

"असल्यांना ना, मेंढ्यांच्या औषधाच्या हौदात बुचकळून काढलं पाहिजे. हो की नाही, एम्रिस?"

"दोनदा," एम्रिस म्हणाला. तोंडातून आपोआप निघून गेलं.

त्यानंतर दर पाच मिनिटांनी बोवेनचा उद्धार होत राहिला. मासा गेला, बोवेनला शिव्या. कोकरू गेलं, बोवेनच्या बापाला शिव्या. एम्रिस एकच कढई पुन्हा पुन्हा घासत होता. आता सांगू, आता सांगू म्हणता म्हणता सांगण्याची सोय उरली नाही, आणि खाली मान घालून फेसात बघत असताना त्याच्या लक्षात आलं की आपण हे असं आयुष्यभर करत आलोय. त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

शेवटी तेग्वेन स्टुलावर टेकली. आवाज खाली आला होता.

"मला पैशाची ओढ नाही हो, एम्रिस. कामाचाही कंटाळा नाही. पण सगळे जेवून वर गेले ना, की आज काय काय झालं हे सांगायला माणूस नसतं. आता या बोवेनची गोष्ट मी रात्री कुणाला सांगू? भिंतीला? उद्या सकाळी तो ब्रिस्टलवाला उत्तर मागायला येतोय. हो म्हणून टाकते."

एम्रिसने कढई खाली ठेवली.

"तो आलाय," तो म्हणाला.

"ब्रिस्टलवाला?"

"बोवेन."

"कुठाय?"

"हा काय. मीच." त्याच्या कोपरावरून फेस जमिनीवर टपटपत होता. "एम्रिस बोवेन. फोन नान्सीने केला. मी पुढच्या दारापर्यंत आलो होतो, पण हिंमत झाली नाही."

तेग्वेन त्याच्याकडे बघत राहिली. मग सुटाच्या कोटाकडे. मग पोत्यामागून डोकावणाऱ्या बॅगेकडे.

"मग मयत कुणाचं होतं?"

"आता माझंच होईल असं दिसतंय."

फिऑनने फडक्यात तोंड खुपसलं. तेग्वेन मात्र हसली नाही. ती उठली, त्याचे हात स्वतःच्या एप्रनला खसाखसा पुसले, कोट त्याच्या अंगात चढवला आणि जेवणघराचं दार ढकलून त्याला बाहेर लोटलं. "चार नंबर. खिडकीशी. आणि जागचं हलायचं नाही. सगळं जेवण होईपर्यंत तुमचा आवाज मला ऐकायला यायला नको."

तेवढी शिक्षा त्याला सोपी होती. तो बसला. समोरची खुर्ची रिकामी. शेजारच्या टेबलावरचं इंग्रज जोडपं त्याच्या ओल्या बाह्यांकडे बघत होतं, त्यांना तो "उद्या पाऊस आहे" म्हणाला. लीकच्या कांदापातीचं सूप आलं. मग लोण्यातला मासा. मग त्याच्याच रानातलं कोकरू. नान्सी मटण करते ते पुन्हा उठून चालू लागू नये अशा बेताने. हे जिभेवर ठेवलं तशी त्याने सुरी-काटा खाली ठेवून डोळेच मिटले. आपण या बाईला काय आणून देत होतो आणि ती त्याचं काय करत होती, हे त्याला तेव्हा कळलं, आणि ही बाई गेली तर आपलं काय होईल तेही. त्याने बाहीने डोळे पुसले. इंग्रज बाईने विचारलं, तिखट आहे का?

जूनचा उजेड खिडकीत रेंगाळला होता. एकेक पाहुणा वर निघून गेला. तेव्हा तेग्वेन एप्रन सोडून आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

"दोन माणसांचं टेबल होतं. दुसरं माणूस कोण येणार होतं?"

"ते आत स्वयंपाक करत होतं."

तेग्वेनने टेबलावरचा चमचा उगाच सरळ केला. आता एम्रिस पावसाचं काहीतरी बोलेल, अशी तिला भीती वाटत होती. त्यालाही तीच भीती होती.

"सकाळी तो माणूस येईल," ती म्हणाली. "काय सांगू त्याला?"

"सांगा, एक पाहुणा अजून गेलेला नाही."

"आणि कधी जाणार म्हणून विचारलं तर?"

"त्याला जायचंच नाहीये म्हणावं." एम्रिसच्या कपाळावर घाम आला होता, पण तो थांबला नाही. "तुम्ही ठेवून घेत असाल तर. तुमच्या दिवसभराच्या सगळ्या गोष्टी ऐकेन मी. बोलता येत नाही मला, पण ऐकायला मी कधी थकलोय का, सांगा."

तेग्वेनचे डोळे भरून आले, आणि तिला त्याचाही राग आला.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "नऊ वर्षं लागली तुला हे सांगायला."

"आठ," एम्रिस म्हणाला. "पहिल्या वर्षी मी नुसतं कोकरू द्यायला येत होतो."