पोहता येणे आवश्यक, आणि इतर अटी

आमच्या क्लबात होड्या मोजक्या आणि किस्से भरमसाट. कारण सरळ आहे. होडी वापरली की झिजते, किस्सा वापरला की फुगतो!

नांदेडजवळ गोदावरीवर बंधारा आहे. पावसाळा सरला की त्याच्यामागे चांगलं रुंद पाणी थांबतं. तिथे आम्ही शिडाच्या होड्यांच्या शर्यती घेतो. हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "शर्यत? बैलांची का?" आणि विचारणारा लातूरचा असला तर दुसरा, "पाणी कुठून आणता?"

मी शाळेत भूगोल शिकवते. क्लब काढला कदम सरांनी. मूळचे भोकरचे, नौदलातून निवृत्त झालेले, आणि शर्यतीचे मुख्य पंचही तेच. एकदा मी मुलांची सहल घेऊन नदीवर गेले होते, तेव्हा त्यांनी इंग्रजी नियमांचं जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "मॅडम, एवढं मराठीत करून द्या की." मी नुसत्या कुतूहलानं ते उघडलं आणि अडकले ती आजतागायत. प्रवेश अर्ज तपासायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आहे. वाचता वाचता लक्षात आलं, की प्रत्येक नियमाच्या मागे कुठेतरी, कुणीतरी एकदा पाण्यात पडलेलं असतं.

आमच्याकडे उलटं. आधी नियम येतो, मग माणूस पडतो!

* * *

पहिलीच अट आहे, "स्पर्धकास पोहता येणे आवश्यक."

लातूरच्या बसवराज अण्णांचा फोन आला. अण्णांची दालमिल आहे. वय पन्नाशीच्या पुढे, पण शिडाची होडी पाहिल्यापासून त्यांना झोप नाही. मी विचारलं, "अण्णा, पोहता येतं का?"

"येत होतं की!"

"होतं म्हणजे?"

"विहीर होती तवर येत होतं!"

चाचणी घ्यायची ठरली. कदम सरांनी काठापासून समोरच्या, शर्यतीच्या खुणेसाठी पाण्यात बांधलेल्या फुग्यापर्यंत सरळ पोहून जायला सांगितलं. अण्णांनी सूर मारला तो असा झकास, की आम्ही टाळ्या वाजवल्या. चार हात मारले आणि अण्णा डावीकडे वळले. पुन्हा चार हात, पुन्हा डावीकडे. फुगा राहिला बाजूला, माणूस आपला गोल गोल फिरतोय!

कदम सर ओरडले, "अण्णा, सरळ जा, सरळ!"

अण्णा पाण्यातून ओरडले, "साहेब, सरळ गेलं की कडा लागतो ना!"

आयुष्यभर विहिरीत पोहलेला माणूस. अंगात वळण बसलेलं, ते जाता जाईना. त्या दिवशी अण्णा नापास.

पुढच्या खेपेला ते बायकोला घेऊन आले. काकूंना आम्ही होडीतून फुग्यापाशी नेऊन बसवलं. अण्णांनी सूर मारला आणि बाणासारखे सरळ त्यांच्यापर्यंत गेले. एकदाही वळले नाहीत. मी काठावर विचारलं, "हे कसं काय जमलं?"

"न जमून सांगतो कुणाला?" अण्णा म्हणाले, "माझे कपडे हिच्यापाशी होते!"

* * *

दुसरी अट वैद्यकीय दाखल्याची. अर्जावर छापलंय, "स्पर्धक सेलिंगसाठी तंदुरुस्त असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र."

अण्णा त्यांच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, ब्लडप्रेशर पाहिलं, अर्जावरचं 'सेलिंग' वाचलं, मग चष्म्यावरून अण्णांकडे पाहिलं. "अण्णा, तीस वर्षं डाळ विकून राहिलात. आता कोण मागतंय हा दाखला?"

"शर्यतवाले."

"शर्यत लावलीय व्हय? टार्गेट काय हाय मग?"

"मुंबईपर्यंत जायचं म्हणतात," अण्णा अभिमानानं बोलले. राज्य पातळीची स्पर्धा मुंबईला असते ना!

अण्णांनी आणलेला दाखला मी उघडला. सही आहे, शिक्का आहे, आणि मजकूर असा: "यांची प्रकृती उत्तम असून उन्हातान्हात फिरून माल विकण्यास ते पूर्ण सक्षम आहेत."

मी तो कदम सरांना दाखवला. सरांनी दोनदा वाचला. "उन्हातान्हात म्हटलंय ना? मग घ्या," म्हणाले, "फक्त पाण्याचं तेवढं लिहून आणायला सांगा."

* * *

धर्माबादचे गंगाधरराव मिरचीचे व्यापारी. पोतं न फोडता आतल्या मिरचीचा तिखटपणा सांगतील, असा माणूस. त्यांची मुलगी श्रावणी नांदेडला अकरावीत शिकते. आमच्या सगळ्यांत वाऱ्याची जास्त जाण तिलाच. अठरा वर्षांखालच्या स्पर्धकाला पालकांची संमती लागते, म्हणून गंगाधरराव तिच्याबरोबर सहीसाठी आले.

संमतिपत्रात धोक्यांची मोठी जंत्री आहे. होडी उलटणे, डोक्याला मार लागणे, बुडणे. गंगाधरराव एकेक शब्दावर बोट ठेवून वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, धोका बराबर लिवलाय. फायदा कुठं लिवलाय?"

मी म्हटलं, "प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं आहे. बुडण्याची भीती नाही."

"हे जाकीट?" त्यांनी खुंटीवरचं जॅकेट हातात घेतलं, दाबून पाहिलं, वास घेतला. "अम्मा, तुला पोहता येतं ना?" त्यांनी मुलीला विचारलं. तेलंगणाच्या सीमेवर लेकीलाही लाडानं अम्माच म्हणतात.

"हाव बाबा. शिकले ना मी."

"मला येत न्हाई," गंगाधरराव म्हणाले. त्यांनी जॅकेट अंगात चढवलं, पट्टे आवळले, मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला, आणि आम्ही हां हां म्हणेपर्यंत धक्क्याच्या टोकाला जाऊन पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी पाण्यात उडी मारली!

श्रावणी किंचाळली. कदम सर बूट काढायचे विसरून पाण्यात शिरले. पण तोवर गंगाधरराव बुचासारखे वर आले होते. डोळे गच्च मिटलेले, हात छातीवर. थोडा वेळ तसेच तरंगले. मग एक डोळा उघडला, आभाळ पाहिलं, मग दुसरा उघडला.

बाहेर काढल्यावर निथळत्या अंगानं ते टेबलाशी आले.

"माल चांगला हाय," म्हणाले. "द्या पेन."

* * *

शिडावर क्रमांक हवा, दोन्ही बाजूंनी हवा, लांबून वाचता येईल असा हवा. हाही नियमच आहे. आमची दोन शिडं अण्णांनी रंगवून आणायला लातूरला नेली. लातुरात पेंटरला तोटा नाही. जिकडे पाहावं तिकडे क्लासेसच्या पाट्या!

शिडं आली. एकावर सुंदर, ठसठशीत आकडे. दुसऱ्यावरही तसेच आकडे, आणि त्याखाली लाल अक्षरांत, "प्रवेश सुरू! मर्यादित जागा!"

"पेंटरचा हात चालूच राहिला हो," अण्णा वरमले. "आकडा संपला की त्याला ते लिहायचीच सवय!"

शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी. पुन्हा रंगवायला सवड नाही. अन् नियमाचा प्रश्न आला, कारण होडीवर कुठं, कुणाची, किती जाहिरात चालते यालाही नियम आहेत. एका स्पर्धकानं हरकत घेतली, "ही जाहिरात आहे."

कदम सरांनी गंभीरपणे विचारलं, "कुणाची?"

कुणाचीच नव्हती. क्लासचं नाव नाही, फोन नंबर नाही. कुणाचीही नसलेली जाहिरात ही जाहिरात धरायची का, यावर पुस्तकात काही सापडेना. मी शोध शोध शोधलं. शेवटी सरांनी होडीला परवानगी दिली.

शर्यतीनंतर दुपारी काठावर एक आई मुलाचा हात धरून माझ्याकडे आली. "मॅडम, त्या होडीवर लिवलंय ते नीटचं हाय का जेईईचं?"

* * *

आता लाल झेंड्याचं. आमच्या खेळात पाण्यावर पंच शिट्टी घेऊन मागे धावत नाही. कुणी तुमच्या होडीला चुकीनं धडकला, तर तुम्ही लगेच "प्रोटेस्ट!" असं ओरडायचं आणि लाल झेंडा लावायचा. धडकणाऱ्याला चूक मान्य असेल तर त्यानं तिथेच होडीच्या दोन गिरक्या घ्यायच्या आणि पुढे जायचं. मान्य नसेल तर काठावर सुनावणी.

कागदावर फार सोपं आहे. पण समोरचा व्याही असला तर?

अण्णांची लेक गौरी उदगीरला दिलीय. अण्णांच्या नादानं तिचे सासरेही होडी शिकले. एका शर्यतीत फुग्याला वळसा घालताना व्याह्यांनी आपली होडी मध्ये घुसवली आणि अण्णांच्या होडीला दणका दिला. चूक धडधडीत व्याह्यांची. काठावर सगळे उभे. आता अण्णा ओरडणार!

अण्णा ओरडले खरे. काय ओरडले? "राहू द्या, राहू द्या! लागलं तर न्हाई ना तुम्हाला?"

"अण्णा, झेंडा!" कदम सर लाउडस्पीकरवरून ओरडले. वास्तविक पंचानं असं ओरडू नये.

अण्णांनी झेंड्याला हात घातला, व्याह्यांकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. मुलगी ज्या घरात नांदतेय त्या घराला लाल झेंडा दाखवायचा तरी कसा?

तेवढ्यात काठावरून, कडेवर पोर घेतलेली गौरी तारस्वरात ओरडली, "अण्णा, लावा झेंडा! घरचं मी बघते!"

आणि मग व्याह्यांनी सुकाणू वळवलं.

"घेतो गं सूनबाई, घेतो! दोन्ही गिरक्या घेतो!"

* * *

हा शेवटचा किस्सा. आमच्यात आजही यावर एकमत नाही.

निवडीच्या शर्यती चालल्या होत्या. राज्य स्पर्धेला आमच्याकडून एकच होडी जाणार होती. श्रावणीचं स्वप्न तेच होतं. शेवटच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती. दोन वळणं राहिलेली. गंगाधरराव काठावर बसूही शकत नव्हते आणि उभेही राहू शकत नव्हते.

पलीकडच्या काठाला जलपर्णीचा दाट पट्टा आहे. तिथल्या वस्तीवरच्या मंदाबाई म्हशी धुवायला आणतात. त्या दिवशी त्यांची एक म्हैस जलपर्णीत शिरली, आणि तिच्यामागे मंदाबाई. आम्हाला लांबून फक्त एक डोकं आणि एक वर झालेला हात दिसला. आमची मदतीची मोटारबोट दुसऱ्या टोकाला होती.

श्रावणीनं शर्यत सोडली. होडी सरळ पट्ट्याकडे वळवली, शीड सैल सोडलं आणि मंदाबाईंना होडीचा काठ धरायला लावला. मोटारबोट येईपर्यंत ती हलली नाही. तेवढ्यात एकेक करून सगळ्या होड्या निघून गेल्या. श्रावणी शेवटी आली. म्हैस तिच्याही आधी आपली आपण बाहेर आली होती.

नियम असा आहे, की धोक्यात असलेल्या माणसाला प्रत्येक स्पर्धकानं मदत केलीच पाहिजे, आणि त्यापायी त्याची जागा गेली तर पंच ती भरून देऊ शकतात. श्रावणीनं तशी मागणी केली. सुनावणी बसली. कदम सर, मी आणि आणखी एक सदस्य. साक्षीला मंदाबाईंना बोलावलं. त्या ओल्या लुगड्यानं आल्या. मागे दारात त्यांचा दीर आणि वस्तीवरचे चारदोन लोक येऊन उभे राहिले.

सरांनी विचारलं, "मंदाबाई, तुम्ही बुडत होतात का?"

"मी?" मंदाबाई केवढ्यानं तरी म्हणाल्या. "जलम गेला माझा ह्या पाण्यात! मी म्हशीला काढाया गेल्ते."

"मग या मुलीच्या होडीला का धरलंत?"

"तिनं 'मावशी धरा' म्हणलं, म्हून धरलं. लेकरू एवढं बोलावतंय तर न्हाई कसं म्हणावं?"

दारातले लोक हसले. सरांनी श्रावणीकडे पाहिलं. "तुला काही विचारायचंय यांना? तुझा हक्क आहे."

श्रावणीचे डोळे भरले होते. तिनं मान हलवली. "न्हाई सर. मावशी म्हणून राहिल्या तसंच असंल."

माणूस धोक्यात नव्हता, तर भरपाई नाही. सर पेन उचलून लिहायला लागले. मला तर वर बघवेना. दारातले लोक पांगले, मंदाबाई त्यांच्यामागे निघाल्या. आणि उंबऱ्यावरून परत फिरल्या. दार त्यांनी आतून लोटून घेतलं.

"साहेब, हे लिवून काय व्हतंय? पोरीचं काय नुकसान हाय का त्याच्यात?"

सर लिहीत राहिले. निकालाचं साक्षीदाराला आधी सांगता येत नाही. पण श्रावणीनं तेवढ्यात डोळे पुसले, ते मंदाबाईंनी पाहिलं.

"मंग लिवा," त्या हळूच म्हणाल्या. "बुडत व्हते. चांगली दोनदा खाली गेल्ते. पर वस्तीवर सांगू नका!"

कदम सरांनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी लिहिलेलं खोडलं, आम्हा दोघांना विचारलं आणि निर्णय दिला. श्रावणीला आधीच्या शर्यतींतल्या तिच्या क्रमांकांवरून जागा भरून मिळाली आणि ती मुंबईला गेली. गंगाधररावांनी मंदाबाईंच्या पायावर डोकं ठेवलं, तर त्या "सरका, सरका, म्हैस बिथरंल" म्हणत मागे झाल्या.

माझ्यानं राहवेना. त्या म्हशीचा दोर सोडत होत्या, तिथे गाठून मी विचारलं, "मंदाबाई, आता कुणी नाही इथं. खरं सांगा, तुम्ही बुडत होतात की नव्हतात?"

मंदाबाईंनी दोर हाताला गुंडाळला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"ते जाऊ द्या मॅडम. तुमच्या त्या पुस्तकात म्हशीला वाचीवणाऱ्याबद्दल काय लिवलंय, ते सांगा आधी!"