गाडीबाहेर राहिलेली चप्पल

दसरा होऊन महिना झाला, तरी गाडीची चावी अजून माझ्या तांदळाच्या डब्यात आहे. कुणाशी बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

आमचे हे तरुणपणी कंपनीकडून बास्केटबॉल खेळायचे. नोकरी मिळाली तीही उंचीमुळेच. सामना जिंकला की मोठे साहेब आपली परदेशी गाडी पाठवत आणि हे कप मांडीवर घेऊन मागे बसत. कंपनी बंद पडली तेव्हा धूळ खात उभी असलेली ती गाडी ह्यांनी मागून घेतली, आमच्या गावी जूचंद्रला आणली. "दुसऱ्या गाडीत गुडघे कानाला लागतात गो," म्हणतात. हिच्यात पाय सरळ पसरतात. रोज माझ्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने तिला पुसतात. दर रविवारी पाचूबंदरला मासळीसाठी तीच न्यायची.

ह्यांना साखरेचा आजार जुना. पावसाळ्याआधी एकदा अंगणात चालताना उजव्या पायातली चप्पल मागे राहिली. हे तसेच खडीवरून पुढे गेले. त्यांना कळलंच नाही. मी चप्पल उचलून गुपचूप दारात ठेवली.

पुढे डॉक्टरांनी विचारलं, "पाय बधिर वाटतो का?"

"छे, अजून उडी मारतो मी!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक गुंडाळत बसले. परक्या माणसासमोर ह्यांना खोटं पाडणं माझ्याने झालं नाही.

तेव्हापासून दर रविवारी शेजारी बसून मी रस्ता बघतच नसे, त्यांचा उजवा पाय बघायचे. बंदरावर टोपल्या घेतलेल्या बाया आडव्या आल्या, की गाडी थांबेपर्यंत माझाच पाय खाली दाबलेला.

दसऱ्याला अंगणात गाडीची पूजा केली. झेंडूचा हार, नारळ, चार चाकांखाली चार लिंबं. गाडी हातभर पुढे घ्यायची, लिंबं फुटली की थांबायचं, एवढीच रीत. मोठ्या जाऊबाई फोटो काढायला मोबाईल घेऊन समोर उभ्या.

"भावोजी, एवढी गाडी कशाला चालू करता? तुमचा एक पाय ठेवलात तरी लिंबाचं पानी होईल!"

सगळे हसले. हे आत बसले, दार लावलं. तेव्हा मला दाराखाली त्यांची एक चप्पल दिसली. उजवी. आरतीचं ताट माझ्या हातात होतं. 'थांबा' एवढंच म्हणायचं होतं. मी ताट धरून उभी राहिले.

गाडी हातभर गेली नाही, झेपावली. जाऊबाई कशा बाजूला पडल्या कोण जाणे, त्यांचा मोबाईल चाकाखाली गेला. गाडी तुळशीच्या कट्ट्यावर आदळून थांबली. ताट माझ्या हातून केव्हा पडलं, आठवत नाही.

"ब्रेकच लागला नाय," हे म्हणाले. चेहरा पांढराफटक. सगळ्यांनी जुन्या गाडीला दोष दिला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, तपासून म्हणाला, "काका, ब्रेक एकदम ओके आहे."

तो गेल्यावर मी ती चप्पल आणून ह्यांच्यासमोर ठेवली.

"ही बाहेर राहिली होती."

ह्यांनी चप्पल बघितली. मग पाय.

"कधीपासून म्हाईत हाय तुला?"

"पावसाच्या आधीपासून."

"आनि बोलली नाहीस?"

त्यांनी खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि तोंड फिरवून बसले.

आता दुपारी नुसतेच गाडीत जाऊन बसतात, सीट मागे सारून, पाय लांब करून. काल म्हणाले, "दे गो चावी. नुसती चालू करतो, नायतर बॅटरी उतरेल."

मी नाही म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

ते उठून गाडीत जाऊन बसले. पण आज सकाळी स्वयंपाकघरात येऊन डब्यांकडे बघत उभे होते. तेव्हापासून किती वेळा तांदळात हात घालून पाहिला मी. चावी आहे. बाहेर गाडीचं दार वाजलं की पुन्हा हात घालते.